दुसऱ्या नावाने आत या

दोष बापाचा होता. साहेबाचाही होता, पण साहेबाकडून कुणी कधी काही अपेक्षाच ठेवली नव्हती, त्यामुळे त्याच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. बापाकडून मात्र अपेक्षा होती. पाणी शुद्ध करण्याच्या त्या केंद्रात तो फोरमन होता, तिथला एकेक नट त्याच्या हाताखालून गेलेला, आणि क्लोरीनच्या खोलीतल्या अलार्मची वायर त्यानेच काढली. साहेबाने सांगितलं, याने काढली. कारण काय, तर तो अलार्म सारखा उगाच बोंबलतो. बोंबलायचाही, हवा दमट झाली की. पण ज्या दिवशी त्याने खरोखर बोंबलायला हवं होतं त्या दिवशी तो गप्प राहिला, आणि गॅसचा सिलिंडर बदलायला आत गेलेली बाई बाहेर आली ती चौघांच्या हातांवर.

ती बाई बापाची सख्खी धाकटी बहीण होती.

पोराला हे सगळं ठाऊक होतं, कारण बापानेच सांगितलं होतं. आत्याला पोचवून आल्यावर त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. बापाने घास हातातच ठेवला, म्हणाला, "वायर मी काढली होती," आणि मग पाणी मागितलं. आईने पाणी दिलं. पुढे घरात या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. मोठ्या माणसांची ही नेहमीची युक्ती. वाईट गोष्ट एकदा हळू आवाजात बोलून टाकायची आणि बोलून झाली म्हणजे मिटली असं धरून चालायचं.

पोराला केंद्रात सगळे 'अर्धवट' म्हणायचे. इंजिनिअरिंग मधेच सोडलं म्हणून आधी 'अर्धवट इंजिनिअर', मग त्यातलं इंजिनिअर गळून पडलं. बापही चारचौघांत तीच हाक मारायचा, हसून, म्हणजे दुसऱ्या कुणी मारायच्या आत आपणच मारलेली बरी. अर्धवटाला त्याचं काही नव्हतं. कॉलेजात मास्तर वहीतलं फळ्यावर उतरवायचे, पोरं फळ्यावरचं वहीत उतरवायची, मधल्या मधे कुणाच्याही डोक्याला तोशीस नाही. ते करत बसण्यापेक्षा त्याने एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायला घेतले. घरात दोन महिने सुतक असल्यासारखं वातावरण होतं. फक्त आत्या म्हणाली होती, "सोडलंस ना, मग आता ताठ सोड. रडत सोडू नकोस."

केंद्राची आतली साइट त्यानेच बनवून दिली होती. आतली म्हणजे फक्त केंद्रातल्या मशीनवर दिसणारी, बाहेरच्या जगाला बंद. कुठल्या पाळीत किती पाणी सोडलं, कुठला पंप आजारी आहे, गॅसची खोली कुणी तपासली, असल्या नोंदी तिच्यावर व्हायच्या. तर आत्याला जाऊन पंधरवडा झाला असेल नसेल, एका सकाळी बाप चहाचा कप खाली ठेवत म्हणाला,

"साहेबांनी बोलावलंय तुला. साइटचं काहीतरी काम आहे."

"कसलं?"

"पाळी बदलली की नाव बदलता येत नाही म्हणे."

"ते तर पहिल्या दिवसापासून येत नाही. आजच कसं सुचलं?"

"तू जा तर. वाद घालायला दिवस पडलाय अख्खा."

काम तसं खरं होतं. नियंत्रण कक्षात मशीन एकच. पंपांचे आकडे त्याच्याच पडद्यावर अखंड दिसत राहायचे, त्यामुळे त्या मशीनमधून आपलं नाव काढून दुसऱ्याचं घालणं म्हणजे तेवढा वेळ पंप आंधळे करणं. ते कुणी करत नसे. आणि साइट तर कुणाला नाव विचारतच नसे. मशीन सुरू करताना ज्याने नाव आणि पासवर्ड दिला, त्याचं नाव मशीन धरून ठेवायचं. साइटने विचारलं, कोण बसलंय? की मशीन परस्पर सांगून मोकळं. खुर्चीत बसलेल्याला पत्ताही लागायचा नाही की आपल्या वतीने कुणीतरी उत्तर दिलं. सोय म्हणूनच तसं केलेलं. पण मशीन सुरू करायचा बाप, त्यामुळे तिन्ही पाळ्यांच्या सगळ्या नोंदी बापाच्या नावावर.

अर्धवट दुपारी केंद्रात पोचला. नियंत्रण कक्ष अर्धा जमिनीखाली होता, दोन्ही बाजूंना पाणी गाळण्याचे हौद, त्यामुळे खिडकी नावाची वस्तू नाही. बाहेर टळटळीत ऊन असो नाहीतर काळोख, आत तीच ट्यूबलाइट. पंपांची घरघर कानाला ऐकू येण्याआधी तळपायांना कळायची. भिंतीपलीकडून पाणी सरकत असल्याचा आवाज, कुणी जाड पडदा हळूहळू ओढत न्यावा तसा. आणि वास. क्लोरीनचा तो वास तिथे कायमच असायचा, नुकत्या धुतलेल्या फरशीसारखा. नाकाला सवय झाली की दहा पावलांत नाहीसा व्हायचा. पाळीवरचा ऑपरेटर हौदांवर फेरी मारायला गेला होता. खोलीत कुणी नव्हतं.

मशीनसमोर आत्याची खुर्ची होती. तशी ती सगळ्यांचीच, पण आत्या बुटकी, पाळीवर आली की खुर्चीखालचा दांडा ओढायची, खुर्ची फुस्स करून खाली बसायची, आणि पुढच्या पाळीचा उंच माणूस येऊन शिव्या घालत पुन्हा वर करायचा. हा रोजचा तमाशा. आता खुर्ची वर होती. अर्धवट तिच्यात बसला आणि कामाला लागला.

यात खरी गोम एकच होती. मशीन परस्पर उत्तर देतं, मग माणसाला बोलायची संधी द्यायची कशी? तर साइटने एकदा खोटं बोलायचं. नाव कळलेलं असूनही म्हणायचं, ओळख पटली नाही. मशीन पुन्हा तेच नाव सांगायला जातं, साइट पुन्हा नाही म्हणते, शेवटी मशीन हात टेकतं आणि समोर चौकट उघडून माणसालाच विचारतं, बाबा रे, तू कोण? बस. एका नकारावर सगळा खेळ. त्याने साइटच्या कोपऱ्यात एक ओळ टाकली, 'दुसऱ्या नावाने आत या', आणि तिच्यामागे तो नकार बसवला. परत यायला वेगळं काही करायची गरज नव्हती. ती खिडकी बंद केली की मशीन उसनं नाव विसरतं आणि आपलं मूळचं नाव पुन्हा धरतं. तेही त्याने खाली लिहिलं, 'परत आपल्या नावावर यायचं असेल तर ही खिडकी बंद करा.'

खिडकी हा आत्याचा शब्द. "विंडो म्हण गं आत्या," असं त्याने तिला शंभरदा सांगितलं असेल. "उघडता येते, लावता येते, पलीकडचं दिसतं," ती म्हणायची, "मग खिडकीच की. मी नाही विंडो म्हणणार जा." माउसलाही ती उंदीरच म्हणायची, आणि पुढे घरात सगळेच तसं म्हणायला लागले.

ओळ टाकून झाल्यावर त्याने ती दाबून बघितली. साइट म्हणाली, आपली ओळख पटली नाही. चौकट उघडली. स्वतःचं नाव घालायला त्याने बोटं उचलली, आणि ती कळांवर टेकायच्या आत चौकट मिटली. वरच्या कोपऱ्यात नमस्कार आला, आणि नमस्काराच्या पुढे आत्याचं नाव.

तो स्क्रीनकडे बघत राहिला. कुठेतरी जुना पासवर्ड साठवलेला राहिला असणार, त्याने मनाशी म्हटलं. शोधला. साठवलेला नव्हता. मग कशावरून आत सोडलं? पासवर्ड दिला नाही, नाव दिलं नाही. साइटने विचारलं होतं, कोण बसलंय? आणि मशीनने परस्पर सांगितलं होतं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपले गुडघे टेबलाच्या कडेला टेकलेत. खुर्ची खाली बसली होती. दांड्याला त्याने हात लावला नव्हता. आवाजही आला नव्हता, की आला होता आणि त्याला तो पाण्याचा वाटला होता... आणि तो वास, जो मघाशीच नाकातून गेला होता, तो परत आला होता. जास्त जवळून. कुणाच्यातरी केसांतून यावा तसा.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. अर्धवट उठला नाही. त्याने खोलीला मोठ्याने सांगितलं, "आत्या, घाबरवायचं असेल तर त्यांना घाबरव. मला काम करू दे."

खिडकी बंद केली. पुन्हा उघडली. वर बापाचं नाव. वास ओसरला.

तेवढ्यात दार ढकलून साहेब आला, मागून बाप. साहेब गोड बोलायचा. रागावलेला त्याला कुणी पाहिला नव्हता, रागावण्याची कामंही तो दुसऱ्यांकडून करून घ्यायचा.

"झालं का रे बाळा?"

"झालंय."

"वा. कॉलेज सोडूनही शिकलास म्हणायचं काहीतरी."

"सोडल्यामुळे शिकलो."

बापाने डोळे वटारले. साहेब हसला, टेबलाला टेकून उभा राहिला आणि खिशातला रुमाल काढून चष्मा पुसायला लागला. "आता असं कर, तुझ्या आत्याच्या नावाने आत जा बरं एकदा."

"कशाला?"

"उद्या चौकशी समिती येतेय. त्या दिवशीची गॅसच्या खोलीची नोंद तुझ्या वडिलांच्या नावावर दिसते. मशीन त्यांच्या नावानं सुरू होतं म्हणून, त्यांचा काही संबंध नाही. नोंद खऱ्या माणसाच्या नावावर असावी, एवढंच."

"आणि त्या नोंदीत लिहायचं काय?"

साहेबाने बापाकडे पाहिलं. बापाने फरशीकडे पाहिलं. "अलार्मची वायर..." बाप म्हणाला, "आवाजाचा त्रास व्हायचा तिला. तिनं स्वतःच काढली होती."



"बाबा," अर्धवट म्हणाला, "हे तुम्ही पाठ करून आलात?"

"हळू बोल."

"जेवताना काय म्हणाला होतात?"

"ती गेली रे. आता वायर कुणी काढली यानं तिला काय फरक पडतो? मला पडतो. माझी दोन वर्षं राहिलीत. तुझ्या आईला पडतो."

"मला पडतो."

"तुला काय पडतोय? फुकटचं खातोस घरात आणि..."

"फोरमन, असू दे," साहेब म्हणाला. "पोरगा आहे. बाळा, पासवर्ड तूच करून दिला होतास ना तिला? मग टाक तो. दोन मिनिटांचं काम."

"मुख्य ऑफिसातून नवा मागवा की."

"तिकडून मागवला तर तिकडे कळतं."

"म्हणूनच मी देणार नाही."

साहेबाने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "लोक म्हणतात ते खोटं नाही. अर्धवट तो अर्धवटच."

"हो. तुमच्यासारखा पुरता वाया गेलो नाही."

बापाचा हात उठला होता. साहेबाने तो वरच्यावरच धरला. "मारामारी नको. फोरमन, तुम्हीच बसा. बहिणीचा पासवर्ड भावाला सुचणार नाही तर कुणाला? लहानपणचं काहीतरी असेल."

आता अर्धवटाला भीती वाटली. साहेबाची नाही. तो उठून खुर्ची अडवून उभा राहिला. "बाबा, या खुर्चीत बसू नका."

"का?"

 खरं कारण साहेबासमोर बोलण्यासारखं नव्हतं. "ती... रिकामी नाहीये," तो म्हणाला.

"झालं सुरू," बाप म्हणाला. त्याने पोराला खांद्याने बाजूला सारलं आणि बसला.

खुर्ची फुस्स करून खाली गेली. सावकाश, अगदी तळापर्यंत. बाप उंच माणूस, त्याचे गुडघे छातीशी यायला हवे होते. पण त्याने पाय आत ओढून खुर्चीखाली एकमेकांवर घातले, पाठ ताठ केली, आणि त्या बुटक्या खुर्चीत तो असा मावला की जणू मापाचीच होती. त्याने उंदीर सरकवला. 'दुसऱ्या नावाने आत या.'

आपली ओळख पटली नाही.

चौकट उघडली. बापाचे दोन्ही हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले. चौकट मिटली. वर नमस्कार आला आणि आत्याचं नाव आलं.

साहेब त्या वेळी दाराकडे बघत होता. वळून पडदा पाहिला आणि खूश झाला. "सुचला की लगेच. मी म्हटलं नव्हतं? हं, लिहा आता."

"मी बसले ना," बाप म्हणाला. "सांगा काय लिहायचं ते."

साहेबाच्या कानावरून ते गेलं. अर्धवटाच्या नाही गेलं. आवाज बापाचाच होता, तंबाखूने खरवडलेला. शब्द तेच होते जे कुणीही बोलेल. पण बाप बसलो म्हणाला नव्हता. बसले म्हणाला होता. 

"लिहा," साहेब सांगू लागला. "अलार्मच्या आवाजाचा त्रास होत असल्यामुळे त्याची वायर मी स्वतः..."

बाप एका बोटाने टाईप करायचा. प्रत्येक अक्षर हरवलेल्या चिल्लरसारखं शोधायचा. आता दोन्ही हात कळांवर पडले आणि धावायला लागले. साहेब वाकून वाचत होता. वाचता वाचता त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"फोरमन... हे काय लिहिताय?"

"मी काढली नाही," बाप म्हणाला, हात न थांबवता. "मी कशाला काढेन? आत जायचं तर मलाच असायचं रोज. दादानं काढली. तुम्ही सांगितलंत म्हणून काढली."

"फोरमन, भानावर या."

"मला सांगायचं तरी. मी नाकाला ओला रुमाल बांधून गेले असते. दादानं मला सांगितलंच नाही..." हात थांबले. बापाने खुर्ची वळवली आणि खोलीभर नजर फिरवली, साहेबावरून, पोरावरून, दाराकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "दादा कुठंय?"

साहेब एक पाऊल मागे सरला.

"मला वाटलं तो बाहेर उभा असेल. मी आतून दार वाजवलं. हाक मारली. तो म्हणतो ना नेहमी, काही झालं तर हाक मार, मी आहे..." बाप साहेबाकडे बघून लहान मुलीसारखा विचारत होता. "साहेब, तुम्ही पाहिलंत का? दादा कुठंय?"

वास इतका दाट झाला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेब खोकू लागला. आणि मग भिंतीपलीकडे, गॅसच्या खोलीत, अलार्म वाजला.

तो अलार्म तिथे नव्हता. चौकशीसाठी म्हणून त्याची पेटीच भिंतीवरून उतरवून मोहोरबंद करून नेली होती. भिंतीवर चार स्क्रूंची भोकं होती, तेवढीच. आणि त्या भोकांतून तो वाजत होता, न थांबता, इतके दिवस गप्प बसवलेला.

साहेब टेबलाखाली वाकला. त्याने मशीनची तार पकडली.

"ओढू नका," अर्धवट म्हणाला. "साहेब, तार ओढू नका. आधी खिडकी बंद करा. बाबा अजून तिच्या नावावर आहेत. खिडकी बंद करा आधी."

साहेब तसाच वाकलेला, डोळे लाल, भिंतींकडे बघायला लागला. एका भिंतीकडे, मग दुसऱ्या, मग मागे. "कुठली खिडकी?" तो म्हणाला. "इथं कुठंय खिडकी?"

अर्धवटाने उंदराकडे झेप घेतली. तोवर साहेबाने तार खेचली होती.

पडदा काळा झाला. अलार्म तुटला, मधेच, शब्द तोंडातच राहावा तसा. वास हलका होत गेला. पंप आपले चालूच होते, त्यांना काय.

बाप खुर्चीत बसून होता, पाय एकमेकांवर, हात मांडीवर.

"बाबा," अर्धवट म्हणाला.

बापाने पाहिलं नाही.

"बाबा... चला घरी."

नाहीच. दुसरी हाक तोंडातून काढायची नाही असं त्याने ठरवलं होतं. ठरवून बराच वेळ उभा राहिला. मग ती काढली. "आत्या."

"काय रे," बाप म्हणाला.

साहेबाला कंठ फुटायला वेळ लागला. फुटला तो मात्र जुनाच. "धक्का बसलाय त्यांना. घरी ने, झोपव. आणि ऐक, इथलं इथंच राहू दे. तुझ्याच घराचा प्रश्न आहे."

 अर्धवटाने तार परत लावली, बापाच्याच नावाने मशीन सुरू केलं, साइटवर आला. 'दुसऱ्या नावाने आत या.' चौकट उघडली आणि उघडीच राहिली, कुणीही असेल त्याची वाट बघत. त्याने खिडकी बंद केली. उघडली. बंद केली. बापाच्या खांद्यावर हात ठेवून केली, बापाचाच हात उंदरावर ठेवून केली. किती वेळा ते देव जाणे. ज्या खिडकीतून बाप गेला होता ती आता नव्हतीच. या सगळ्या दुसऱ्या होत्या.

मग त्याने खुर्चीतून बापाला अलगद उठवलं, बाजूच्या बाकावर बसवलं, उभ्या उभ्याच चौकटीत स्वतःचं नाव घातलं, स्वतःचा पासवर्ड घातला, आणि लिहायला लागला. बापाने वायर काढली. साहेबाने सांगितलं म्हणून काढली. बापानेच मला घरी सांगितलं. आज दोघांनी मेलेल्या बाईवर ढकलायला मला बोलावलं. मी नाही म्हटलं. यापेक्षा जास्त त्याने काही लिहिलं नाही. भुताबिताचं समितीला सांगून ती नोंद नासवायची नव्हती.

"विचार कर," साहेब मागून म्हणत होता. "बापाला घालवशील तू."

"घालवला तुम्ही," अर्धवट म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर." आणि नोंद जतन केली.

समिती आली. समितीवर तीन म्हातारे होते, तिघांनाही लवकर जेवायचं होतं, पण नाव टाकून समोर उभा राहिलेला साक्षीदार त्यांना टाळता येईना. त्यांनी बापाला विचारलं, वायर तुम्ही काढलीत का? बाप म्हणाला, "दादानं काढली." त्यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली, बहिणीच्या दुःखाने डोकं फिरलंय म्हणाले, आणि घरी पाठवून दिलं. साहेबाची बदली झाली. याहून मोठ्या केंद्रात.

नातेवाईक येऊन अर्धवटाला जे बोलायचं ते बोलून गेले. बापावर उलटला. घर बुडवलं. शिकला असता तर अक्कल आली असती. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच लिहीन." त्यावर आई उठून आत जायची. आईचं मात्र त्याला कळत होतं. नवरा समोर बसलेला, आणि हाक मारतो 'वहिनी'. वहिनी, मी भांडी घासते, तुम्ही पडा जरा. आतल्या खोलीत झोपत नाही, बाहेरच्या पडवीत अंथरूण घालतो, आत्या कधी राहायला आली की घालायची तसं. दिवेलागणीला दारात जाऊन उभा राहतो आणि रस्त्याकडे बघत विचारतो, दादा अजून कसा आला नाही.

मधे खोकला धरला म्हणून अर्धवट त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने छातीचा फोटो काढला, उजेडावर धरला, आणि बराच वेळ खाली केलाच नाही. फुप्फुसं गॅसने जळाल्यासारखी आहेत, म्हणाला. चांगला भरपूर गॅस गेलाय आत. हे कधी झालं?

अर्धवट म्हणाला, ज्या दिवशी गॅस सुटला त्या दिवशी हे घरी होते. रजेवर. आत्या एकटीच होती.

डॉक्टरने पुन्हा एकदा फोटो पाहिला, पुन्हा एकदा बापाकडे पाहिलं, आणि खोकल्याची बाटली लिहून दिली.

आत्याचं नाव दोषातून सुटलं. अर्धवटाचा त्यात बाप गेला.